उतरलेल्या वजनाचा हिशेब

वजन कमी झाले की आपल्याकडे दोन तऱ्हेने बोलले जाते. शहरात नोकरी करणाऱ्या भगिनीला "छान बारीक झालीस" म्हणतात, आणि ऊसतोडीहून परतलेल्या बाईला "पार वाळून गेलीस" म्हणतात. पहिलीने जेवण सोडलेले असते, दुसरीला ते पोटभर मिळालेले नसते. परंतु हाडांना हा फरक कळत नाही. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायू आणि हाडही झिजते.

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झालो, त्यामुळे जमाखर्च मांडण्याची सवय. संध्याकाळी नांदूरघाटच्या वस्तीत कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कोणाच्या मुलाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरून देतो. तेव्हा आयाबहिणींच्या बोलण्यात पैशाइतकीच कंबर आणि गुडघे येतात. जमिनीला हात टेकून उठणारी बाई म्हणते, "आता वय झालं, भाऊ." अर्जावर लिहायला वय विचारावे, तर छत्तीस!

प्रत्येक कंबरदुखी हाडाच्या झिजेचीच असते असे नाही. मोळ्या वाहूनही कंबर धरते. हाड ठिसूळ होते ते बहुधा न दुखता. बाई साधी घसरून पडते, मनगट मोडते, तेव्हा ते कळते.

शरीरातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. साधारण तिशीपर्यंत हाडांत जमा होत राहते, पुढे हळूहळू खर्च सुरू होतो. हृदय आणि स्नायू चालायला रक्तात कॅल्शियम लागतेच. जेवणातून आले नाही तर शरीर ते हाडांतून काढते. पाळी जाईपर्यंत बीजांडातून तयार होणारे इस्ट्रोजेन हा खर्च आवरून धरते. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे झीज वेगाने होते.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाण्याची सोय नाही. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, त्यात कॅन्सरची भीती. यातून अनेकींनी पिशवी काढून टाकली. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आकडे आले. जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारण सहाजणींत एक! 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील 15 ते 49 वयाच्या महिलांमध्ये हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते.

पिशवीबरोबर दोन्ही बीजांडेही काढली तर तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीच्या बाईच्या जागी येते. बीजांडे राखली तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते. त्यावर दरवर्षी सहा महिने अर्धपोटी कष्ट. ओझे उचलल्याने हाड बळकट होते हे खरे, परंतु पोटात अन्न असेल तरच. उन्हाची तर आपल्या बायकांना वाण नाही. वाण आहे ती जेवणाची.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार बाईला रोज 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पाळी गेल्यावर 1,200. ज्वारीच्या चार भाकरींना 400 ग्रॅम पीठ धरले तर मिळते जेमतेम शंभर. चहातल्या दुधाने फार भर पडत नाही, कारण घरचे दूध डेअरीला जाते.

तरी मार्ग आहे. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम असते. दोन मोठे चमचे तिळांत दोनशेच्या वर. तीळ-कारळाची चटणी, शेवग्याचा पाला, वाटीभर दही किंवा ताक, काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी; ही औषधाच्या दुकानातली वस्तू नव्हे. पालेभाजीतले आणि तिळांतले सगळेच अंगी लागत नाही, म्हणून एकाच वस्तूवर भिस्त ठेवू नये. सुकी मासळी धुऊन घ्यावी, कारण जास्त मीठ कॅल्शियम लघवीवाटे बाहेर नेते. मिश्री आणि तंबाखू हाडाच्या वैरी आहेत.

ज्यांना खरोखर वजन कमी करायचे आहे, त्यांनी उपास करून करू नये. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. तळलेले, गोड कमी करावे. डाळ, अंडी, दही कमी करू नये. रोज भरभर चालावे, जिना चढावा, थोडे वजन उचलावे.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून सरकारी आरोग्य केंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, दिवसाला दोन, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. फडावर जाण्यापूर्वी त्या मागून घ्याव्यात. लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत.

आणि कोणी "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. बीजांडे ठेवणार की काढणार, हे स्पष्ट विचारावे आणि ऑपरेशनचा कागद जपून ठेवावा. ज्यांचे ऑपरेशन आधीच झाले आहे, त्यांनी तो कागद सरकारी दवाखान्यात दाखवून हाडांबद्दल सल्ला घ्यावा.

बंधूंनो, हे काम एकट्या बाईवर टाकू नका. आपल्या घरात ती सर्वांत शेवटी जेवते, आणि टोपल्यात तोवर जे उरते तेच तिच्या वाट्याला येते. दही-चटणी संपण्यापूर्वी तिचे ताट वाढा. फडावर निघताना शिध्याच्या पोत्यात किलोभर तीळ आणि नाचणीचे पीठ टाका. उचलीचा हिशेब आपण मुकादमाकडे पैशापैशाने मागतो. घरच्या बाईच्या ताटाचाही तसाच ठेवू या.