भिगवणचे पाणी, इंदापूरच्या चिंचा आणि कॅमेऱ्याचा पट्टा

बारामती सोडून भिगवणच्या रस्त्याला लागले की आधी ऊस लागतो, मग बोडका माळ, आणि मग अचानक समोर पाणीच पाणी. हे उजनी धरणाचे पाणलोट. भीमा नदीवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे 117 टीएमसी, आणि त्याची शेपूट इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेने मागे भिगवणच्याही पुढे पोचते. या पाण्याखाली जुनी गावे गेली. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि बुडालेल्या गावांतली म्हातारी माणसे आपल्या गावाच्या खुणा शोधायला काठावर येतात.

गावे गेली तिथे पाखरे आली. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते तेव्हा पाणी खोल असते. शेतीसाठी पाणी सुटू लागले की काठ उघडे पडतात, गुडघाभर पाणी आणि चिखल उरतो. रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, हेच हवे असते. चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातले बारीक जीव खातात. म्हणून जानेवारी ते एप्रिल हा इथला चांगला हंगाम. सोबत चक्रवाक, शेकाटे, कुरव आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंसही दिसतात.

बारामती-इंदापूरचा हा एक दिवसाचा फेरा आम्ही घरचे सहा जण दोन-तीन वर्षांपासून करत आलो आहोत. कुठे जायचे, काय पाहायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कॅमेरा अंगावर कसा वागवायचा हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या घरात याच गोष्टीवरून एकीचा छंद सुटायची वेळ आली होती. म्हणून या वेळी प्रवासाबरोबर पट्ट्याविषयीही लिहितो आहोत.

आपांचा कॅमेरा

आमच्या घरातल्या फोटोग्राफर म्हणजे थोरल्या आपा. निकाह असो, अकीका असो की मुलांचे शाळेचे संमेलन, कॅमेरा आपांच्याच गळ्यात. भाईजान गेल्यानंतर दोन वर्षे त्यांनी तो कपाटातून काढला नव्हता. पुढे भिगवणच्या पाखरांनी त्यांना पुन्हा घराबाहेर काढले. त्यांच्याकडे निकॉनचा पी-900 आहे. लेन्स बदलावी लागत नाही, दूरचे पाखरू जवळ येते, आणि वजन सुमारे 900 ग्रॅम. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण मानेच्या मणक्यांची झीज असलेल्या बाईच्या मानेवर तो चार तास लटकला की रात्री उशीवर डोके टेकवत नाही. डॉक्टरांनी सांगितले, "मानेवर वजन नको." आपांनी कॅमेरा भाच्याला देऊन टाकायचे ठरवले.

आम्ही म्हणालो, "आपा, डॉक्टरांनी मानेवर वजन नको म्हटलंय. कॅमेरा नको असं कुठे म्हटलंय?"

तिथून पट्ट्याचा शोध सुरू झाला.

शाळेत आम्ही मुलांना रोज सांगतो की दप्तर एका खांद्यावर लोंबकळू देऊ नका, दोन्ही खांद्यांवर घ्या, पाठीला चिकटवा. वजन तेवढेच राहते, पण ते पेलणारी जागा बदलते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. खोक्यात मिळणारा पट्टा अरुंद असतो आणि तो मानेच्या मागे दोन बोटे जागेवर सगळा भार टाकतो. रुंद पट्ट्याने भार पसरतो, पण मान सुटत नाही. तोच पट्टा एका खांद्यावरून तिरपा, दुसऱ्या बाजूच्या कमरेवर घेतला की भार खांद्यावर आणि पाठीवर जातो. दोन्ही खांद्यांवरून येणारा, दप्तरासारखा पट्टाही मिळतो. मोठी लेन्स घेऊन दिवसभर पायी फिरणाऱ्याला तो सर्वांत बरा. दीडशे ते सहाशे मिलिमीटरची सिग्माची एक लेन्सच 1930 ग्रॅमची आहे. कॅमेऱ्यासकट ती उचलणे म्हणजे दोन लिटर पाण्याच्या बाटलीहून जास्त भार अंगावर घेणे. एवढी जड लेन्स असेल तर पट्टा कॅमेऱ्याच्या कानांना अडकवू नये. लेन्सखाली तिपाईला जोडायचा जो पाय असतो, त्याला अडकवावा. नाहीतर सगळे वजन लेन्स आणि कॅमेऱ्याच्या सांध्यावर येते.

आपांनी दोन्ही खांद्यांचा पट्टा अबायावर घालून पाहिला. काढता-घालताना दर वेळी कोणाची तरी मदत लागे. त्या म्हणाल्या, "मला तुमच्यावर अवलंबून राहायचं नाही." म्हणून तिरपा पट्टा ठरला.

होडीत

भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळ इथून होड्या सुटतात. नावाडी इथलेच मासेमार. कोणता थवा कुठल्या उथळ्यावर उतरला आहे हे त्यांना पहाटेच कळलेले असते. फज्रची नमाज अदा करून बारामतीहून निघालात तर कोवळ्या उन्हात पाण्यावर पोचता येते. पाण्याच्या पातळीप्रमाणे होडीची जागा मागेपुढे सरकते. कधी चिखलातून चार पावले चालावे लागते.

पट्ट्याची खरी परीक्षा इथेच होते, आणि ती फोटो काढताना होत नाही. होडीत पाय ठेवताना एक हात होडीच्या काठावर असतो, दुसरा कपडे सावरत असतो. कॅमेरा त्या वेळी फक्त पट्ट्याच्या भरवशावर असतो. लांब, सैल पट्टा असेल तर वाकताच कॅमेरा पुढे झुलतो आणि लाकडावर आपटतो. म्हणून पट्ट्याची लांबी अशी हवी की उभे असताना कॅमेरा कमरेच्या हाडाशी राहील, त्याखाली नाही. चढण्याआधी तो पाठीकडे सरकवावा. बसल्यावर पुढे घेऊन मांडीवर ठेवावा. एका ओढीत लांब-आखूड होणारा पट्टा घेतला तर हे सगळे सोपे जाते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. होडीत जीवरक्षक जॅकेट आधी घाला, पट्टा त्याच्या वरून घ्या. पट्टा जॅकेटच्या आत राहिला तर गरज पडेल तेव्हा कॅमेरा टाकून देता येत नाही. कॅमेरा दुसरा घेता येतो.

ओढणी, अबाया किंवा रेशमी कुर्ता यांवरून गुळगुळीत नायलॉनचा पट्टा घसरतो. एका खांद्यावर नुसता टांगला तर हमखास. आतल्या बाजूला रबराची नक्षी किंवा खरखरीत कापड असलेला पट्टा थांबून राहतो. हिजाबची पिन पट्ट्याच्या बाजूला लावू नये, पट्टा सरकताना ती कापड फाडते किंवा टोचते. पिन दुसऱ्या खांद्याकडे घ्यावी. चामड्याचा पट्टा दिसायला छान, पण आपल्या उन्हाळ्यात घामाने तो कडक होतो. सुती पट्टा घाम शोषतो आणि धुता येतो. ताणणारा, स्पंजासारखा पट्टा मानेला मऊ लागतो, पण चालताना कॅमेरा वरखाली हिंदकळतो.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनीही होडीत त्याला गळ्यातली दोरी लावावी. कुरव होडीमागे झेपावत आले की सगळेच हात बाहेर काढतात, आणि उजनीच्या तळाशी गेलेला मोबाईल परत येत नाही.

इंदापुरात, चिंचेखाली

भिगवणहून सोलापूर महामार्गाने इंदापूर गाठावे. जोहरपर्यंत सहज पोचता येते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची गढी इथे आहे आणि हजरत चांदशाहवली यांचा दर्गाही. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेने आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे सांगितले जाते. मुलांना हे इथे उभे राहून सांगावे, पुस्तकातल्यापेक्षा जास्त लक्षात राहते. दर्ग्यात फोटो काढण्याआधी विचारावे. नमाजच्या वेळी कॅमेरा पिशवीत घालून पिशवी घरच्या एकाजवळ द्यावी. पट्टा तिरपा असेल तर तो आधी उतरवा, रुकूमध्ये जाताना आठवण यायला नको.

इंदापूरची दुसरी दौलत म्हणजे जुन्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचा. विणीच्या हंगामात या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत भरते. मोठे पांढरे पक्षी, पिवळी लांब चोच, शेपटीजवळ गुलाबी छटा. माणसांच्या वर्दळीत त्यांचा संसार चालतो. टोपी किंवा छत्री न्या, वरून प्रसाद मिळतो.

इथे मान वर करून बघावे लागते. मान मागे वळलेली आणि वर पट्ट्याचे वजन, हा मानेला सर्वांत वाईट प्रकार. अशा जागी तिरपा पट्टाही खांद्यावर राहू द्यावा आणि कॅमेरा फोटोपुरताच डोळ्याला लावावा. अर्धा मिनिट, मग खाली. आपा झाडापासून वीस-पंचवीस पावले मागे जाऊन पाराच्या कडेला बसल्या. तिथून मान वाकवावी लागत नव्हती. लांबून ओढणारी लेन्स याच कामासाठी असते, आणि पाखरांनाही तेच बरे.

माळावर, संध्याकाळी

बारामतीकडे परतताना वाट थोडी वाकडी करून कडबनवाडीला जावे. इथला गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. चिंकारा, लांडगा, खोकड आणि जमिनीवर घरटी करणारी पाखरे यांचे हे घर आहे. वनविभागाने कडबनवाडीत आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी करून आणि वाटाड्या घेऊनच जावे. ज्यांना बारामतीच्या पश्चिमेला जायचे आहे त्यांच्यासाठी सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, पण चिंकारा हमखास दिसण्यासारखे.

गाडीतून फोटो काढायचे असतील तर पट्टा मानेतून आणि खांद्यावरून काढून टाकावा. तो गियरमध्ये, दाराच्या कडीत अडकतो. त्याचे दोन वेढे मनगटाला द्यावेत, म्हणजे कॅमेरा खिडकीतून निसटणार नाही. खिडकीच्या काचेवर ज्वारी भरलेली एक छोटी पिशवी ठेवा आणि कॅमेरा तिच्यावर टेकवा. भार पिशवीवर, हात स्थिर, मान मोकळी. ही पिशवी आमच्या अम्मींनी जुन्या उशीच्या अभ्र्यातून शिवली. चिंकारा कान टवकारून दोन क्षण थांबला तेव्हा सर्वांत स्पष्ट फोटो आपांचाच आला.

घेण्याआधी

पट्टा दुकानात बघून घ्या आणि कॅमेरा सोबत न्या. नेहमीचे कपडे घालून जा. पट्टा अंगावर घेऊन दहा मिनिटे तसेच राहा. दोन जिने चढा, खाली वाका, मांडी घालून बसा. एका हाताने तो लांब-आखूड होतो का, कोणाच्या मदतीशिवाय निघतो का, ते बघा. कॅमेऱ्याच्या कानातून त्याची पट्टी नीट जाते का, हेही.

घरी आल्यावर पट्टीचे टोक बक्कलमधून निदान तीन बोटे बाहेर येईल असे ओवा आणि ते टोक परत आतल्या फटीत दाबा. मग कॅमेरा गादीवर धरून पट्ट्याला चार हिसके द्या. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसणारा पट्टा असेल तर रबरी वायसर आहे ना बघा आणि प्रत्येक प्रवासाआधी स्क्रू हाताने पिळून पाहा, गाडीच्या धक्क्यांनी तो सैल होतो. शिवण उसवलेली दिसली तर दोरा मारून भागवू नका. दप्तर-पिशव्या शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याची चौकोनी आणि मध्ये फुली अशी शिवण घालून घ्या.

कॅमेऱ्यावर आपण हजारो रुपये घालतो आणि पट्टा खोक्यातला तोच ठेवतो. घरातले कोण तो कॅमेरा वापरू शकेल हे मात्र बऱ्याचदा पट्टाच ठरवतो. घरात मान दुखणारी आई असेल, एका कडेवर मूल घेऊन फिरणारी वहिनी असेल, थरथरत्या हातांचे अब्बा असतील, तर आधी त्यांच्या अंगाला बसेल असा पट्टा शोधा. रोहित पक्षी एप्रिलपर्यंत थांबतात, तेवढा वेळ त्यासाठी पुरेसा आहे.