वाडीचे माप, गाडीचे माप

पुण्याहून पहाटे निघावे, उंब्रजेस महामार्ग सोडून पाटण व कोयनानगर मागे टाकावे, कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास पाय मोकळे करावे आणि तेथून गुहागरची वाट धरावी, हा आमच्या कुटुंबाचा अनेक वर्षांचा क्रम आहे. गुहागरास श्रीव्याडेश्वराचे दर्शन घेतल्यावाचून पुढे जाण्याची आमच्याकडे रीत नाही. मात्र गेल्या मार्गशीर्षात आम्ही देवापुढे उभे राहिलो, तेव्हा मनास नेहमीची प्रसन्नता नव्हती. वाडीच्या कामासाठी एखादी गाडी घ्यावी की वाडीच दुसऱ्याच्या हाती सोपवावी, याचा निकाल त्या फेरीत लावावयाचा होता.

आमची वाडी ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी तिचे थोडे वर्णन करणे अवश्य आहे. मोटारीचा रस्ता वर सड्यावरून जातो. सडा म्हणजे काळ्या-तांबूस जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात तेथे हिरवळ आणि रानफुले, तर उन्हाळ्यात पाय भाजणारा कातळ. सड्याच्या कडेपासून खाली उतारावर हापूसची कलमे आहेत आणि अगदी तळाशी, खाडीच्या अंगास, घर व नारळी-पोफळीचे आगर. वरून खाली येण्यास दोन वाटा आहेत. एक पाखाडी, म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. आणि दुसरी कलमांतून दोन वळणे घेत उतरणारी मातीची गाडीवाट. खाली राहतात थोरले काका आणि काकू. बाकीची चार कुटुंबे पुणे, ठाणे आणि बडोदे येथे पांगलेली. मे महिन्यात मात्र एकाच पंक्तीस तीस पाने मांडली जातात.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस ती गोष्ट घडली. हंगामातील शेवटचा आंबा पाठवावयाचा होता. भाड्याने आणलेल्या मालगाडीत साठ पेट्या चढविल्या. भरलेली पेटी पंधरा-वीस किलोंची, म्हणजे एकंदर भार टनाच्या घरात. रात्री वळवाची सर येऊन गेलेली. दुसऱ्या वळणावर चाके जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी हळूहळू मागे घसरत गडग्यावर जाऊन आदळली. पेट्यांवर आमचा पुतण्या आणि जुन्या गड्याचा मुलगा असे दोघे बसले होते. दोघांनी उड्या मारल्या. गड्याच्या मुलास खरचटण्यावर निभावले. पुतण्याचा हात मोडला. काका त्या वेळी कोणास काही बोलले नाहीत. सायंकाळी ओटीवर बसल्यावर एवढेच म्हणाले, ''आंबा काय, पुढल्या वर्षी पुन्हा येईल. पण बाग आता कराराने देऊन टाकू. माझ्याच्याने हे होत नाही.''

कराराने दिलेली बाग पुन्हा हाती येते ती बहुधा कागदोपत्रीच, हे कोकणातील वाचकांस सांगावयास नको. खत कोणी घातले, फवारा केव्हा मारला, बांडगुळे काढली की नाही, यांतून मालकाचे मन हळूहळू उठत जाते. आणि मन उठले की जमीनही फार काळ टिकत नाही. म्हणून सर्व भावंडांनी ठरविले की, काकांच्या पाठीवरचे ओझे उतरेल अशी एक बहुउपयोगी गाडी वर्गणीने घ्यावी.

गाडी कोणती, यावर मात्र जितकी कुटुंबे तितकी मते. ठाणेकर बंधूंची भक्ती जीपवर. तिचे घराणे थोर आहे यात शंका नाही. दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेली ही गाडी युद्ध संपताच, १९४५ साली, अमेरिकेत शेतकऱ्यांसाठी म्हणून नव्या रूपात विक्रीस आली. आणि आपल्याकडे मुंबईस महिंद्रांनी १९४७ पासून तिची जुळणी सुरू केली. बडोदेकरांच्या मते टन-दीड टन वाहणारी पिकअपच घ्यावी. पुण्याच्या मंडळींस २००५ साली निघालेला टाटांचा एस पसंत होता, ज्यास लोक कौतुकाने 'छोटा हत्ती' म्हणतात. आम्ही स्वतः चार विक्रेत्यांची पत्रके मिळवून अश्वशक्ती, भारक्षमता आणि किंमत यांचा मोठा तक्ता केला होता व त्याचा आम्हांस थोडा अभिमानही वाटत होता.

तो अभिमान काकूंनी उतरविला. दुपारच्या जेवणानंतर आम्ही तक्ता उलगडून बसलो असता त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका आणि तिच्यामागे टांगलेल्या मागील वर्षीच्या पानांचा जुडगा आमच्यापुढे ठेवला. रोज गडी किती आले आणि त्यांनी काय वाहिले, याची नोंद तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत केलेली. ती पाने चाळताना आमचे डोळे उघडले. माल घेऊन गाडी वाडीबाहेर गेली असे दिवस वर्षातून जेमतेम तीस-पस्तीस आणि तेही बहुतेक चैत्र-वैशाखातील. उरलेली सारी वाहतूक वाडीच्या आतली: शेणखत गोठ्यापासून कलमांपर्यंत, झावळ्या आगरातून खोपीपर्यंत, औषधाच्या पाण्याची पिंपे उतारावर, गडगा ढासळला की तीसएक किलोंचा एकेक चिरा. हे सर्व आजवर माणसांच्या डोक्यावरून आणि खांद्यांवरून झाले होते. जे ओझे काकांस आणि गड्यास असह्य झाले होते, ते बाजाराचे नव्हतेच!

दुसऱ्या दिवशी तक्ता घडी घालून ठेवला आणि मोजण्याची फीत, तसेच गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आम्ही बाहेर पडलो. वाडीचे बेडे मोजले. रुंदी सहा फूट दोन इंच. छोट्या हत्तीची रुंदी पाच फुटांच्या आसपास, म्हणजे तो कसाबसा आत येईल. मोठी पिकअप गडगा फोडल्यावाचून येणार नाही. कलमे दहा-दहा मीटरांवर लावलेली असली तरी फांद्या जमिनीकडे झुकलेल्या. छप्पर असलेले कोणतेही वाहन त्यांखालून जाणे कठीण. ज्या वळणावर अपघात झाला तेथे नळी धरली, तेव्हा दहा फुटांत दोन फूट चढ भरला. पाचास एक! गाडी व भार मिळून दोन टन धरले, तर केवळ चढामुळे चारशे किलोंची ओढ मागे बसते. शिवाय वळण इतके आवळ की लांब गाडीस मध्येच एकदा मागे सरल्यावाचून वळताच येत नाही. चाकाखाली ओली तांबडी माती असली की इंजिनातील अश्व कितीही असोत, ते जागच्या जागी टापा आपटीत राहतात.

फीत गुंडाळताना आम्हांस युरोपातील दोन गोष्टी आठवल्या. इंग्रज अभियंते मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगल्सी बेटावर आपल्या शेतात युद्धातील एक जुनी जीप वापरीत. त्या अनुभवातून लँड रोव्हर जन्मास आली व १९४८ च्या एप्रिलात ॲमस्टरडॅम येथे लोकांपुढे मांडली गेली. तिच्याच सुमारास जर्मनीत उनिमोग नावाचे शेतीचे बहुउपयोगी वाहन निघाले. त्याच्या दोन चाकांमधील अंतर १२७० मिलिमीटर ठेवले होते. का, तर बटाट्याच्या दोन सरींचे अंतर तेवढे होते म्हणून! गाडीचे माप कारखान्याने ठरविले नाही, बटाट्याने ठरविले. मग आमच्या गाडीचे माप आमच्या कलमांनी आणि बेड्याने का ठरवू नये?

त्या मापात बसणारे वाहन एकच निघाले: पंधरा ते वीस अश्वशक्तीचा, चारही चाकांस गती देणारा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे लहान ट्रॉली. त्याची रुंदी तीन-साडेतीन फूट, माथा उघडा, वळण आखूड. मागील फिरत्या दांड्यावर, ज्यास पीटीओ म्हणतात, फवारणीचा पंप चालतो. म्हणजे फवाऱ्यासाठी निराळे इंजिन नको. राज्यशासनाच्या कृषियांत्रिकीकरणाच्या योजनेतून ट्रॅक्टरास अनुदानही मिळू शकते, त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. उलटपक्षी, मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीस ठरावीक काळाने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो आणि वर्षातून तीस दिवसांच्या कामासाठी तिचा विमा व देखभाल बारा महिने सोसावी लागते. हंगामात सड्यापासून पुढे भाड्याची गाडी करणे हेच स्वस्त.

निर्णय झाला असे वाटून आम्ही उठणार, इतक्यात काकूंनी माजघराच्या दारातून विचारले, ''ते सगळं ठीक. पण रात्री-अपरात्री ह्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर त्या ट्रॅक्टरावर बसवून नेणार आहात का?''

ओटीवर एकदम शांतता पसरली. बडोदेकर म्हणाले, ''म्हणूनच मी पिकअप म्हणत होतो.'' परंतु मध्यरात्री ती चालविणार कोण? काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला. गड्याचे बिऱ्हाड सड्यावर. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि ती आमच्या गावात येतेही; पण ती येऊन थांबते सड्यावर, त्या दुसऱ्या वळणापाशी अडून. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींस खुर्चीत बसवून पाखाडीने वर नेले होते, हे काकू विसरल्या नव्हत्या. आम्ही मात्र विसरलो होतो!

सांगावयाचे तात्पर्य, आम्ही गाडी शोधीत होतो आणि अडचण वाटेत होती. मग हिशेब नव्याने मांडला. पिकअप आणि छोटा ट्रॅक्टर यांच्या किंमतीतील फरक वाटेवर खर्च करावयाचे ठरले. दुसऱ्या वळणाचा आतला कोपरा खणून रुंद केला, डोंगराच्या अंगास गटार काढले आणि चढाच्या भागात केवळ दोन चाकोऱ्यांपुरते काँक्रीट घालून त्यावर आडव्या खाचा पाडल्या. बेड्याचा एक खांब तीन फूट मागे सरला. फाल्गुनात ट्रॅक्टर आला. गड्याच्या मुलाने रीतसर परवाना काढला आणि पुतण्याने, मोडलेला हात जुळून आल्यावर, ट्रॉलीच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'येथे माणूस बसणार नाही.'

ज्या वाचकांस असाच योग येणार असेल, त्यांस अनुभवाच्या तीन गोष्टी सांगतो. छोटा ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवू नये, तो उलटतो. चालकामागे संरक्षक चौकट असलेलाच घ्यावा आणि तिच्याबरोबरचा पट्टा बांधावा. फिरत्या दांड्यावरचे झाकण कधीही काढून ठेवू नये. तो मिनिटास ५४० फेरे घेतो आणि पदराचे टोक किंवा धोतराचा सोगा त्यात सापडला तर सोडविण्यास वेळ मिळत नाही. आणि ट्रॉलीत भार किती घालावा हे चढण्याच्या शक्तीवरून नव्हे, तर उतरताना आवरण्याच्या शक्तीवरून ठरवावे.

या वैशाखात पुन्हा तीस पाने मांडली गेली. पेट्या दहा-पंधराच्या खेपांनी सड्यावर गेल्या. घाई कोणासच नव्हती. करार करण्याविषयी काकांनी चकार शब्द काढला नाही. एके सायंकाळी मात्र ते हातात काठी घेऊन त्या दुसऱ्या वळणापर्यंत चालत गेले, नव्या गटारात अडकलेला पाचोळा काठीने उकरून मोकळा केला आणि परत आल्यावर काकूंस म्हणाले, ''पावसाआधी आणखी एकदा साफ करायला हवं. लिहून ठेव.''

काकूंनी दिनदर्शिका काढली आणि ज्येष्ठाच्या पानावर तसे लिहून ठेवले.