फडक्यातला पुरावा

मैंदर्गीत आमचं ख्रिस्ती घर एकटंच. समोरच्या अज्जींना एकच काळजी : "गुर्जी, भिंतीवर देव कुठं हाय वो तुमचा?"

"दिसत नाही तो."

"मग हाय म्हणून कळतंय कसं?"

1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला सरळ माउलीच करून टाकलं. ते कवी होते. मी पडलो गणिताचा मास्तर!

पुढे सौ.चं ऑपरेशन निघालं, सोलापूरला. डॉक्टर धड काही बोलेनात आणि बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना मज्जाव. शेवटच्या एस.टी.नं परतलो तो देवावर चिडूनच. प्रार्थनासुद्धा केली नाही. बघतो तर दाराच्या कडीला फडकं! आत कडक भाकरी नि शेंगा चटणी. दुसऱ्या रात्रीही तेच. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही मराठी ख्रिस्ती लोक रोज भाकरच मागतो म्हणा, पण ती अशी सोलापुरी थाटात, चटणीसकट येईल अशी अपेक्षा नव्हती.

तिसऱ्या दिवशी मात्र लवकर परतलो आणि दिवा मालवून खिडकीशी पाळत ठेवली. पुरावा नको का? कुणी फिरकलं नाही. उपाशी झोपलो.

चौथ्या दिवशी सौ. शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, "जेवलात का?"

संध्याकाळी दोन्ही फडकी घेऊन अज्जींकडे गेलो.

"मी? तोंडात दात न्हाईत, कडक भाकरी कशाला करू वो?" अज्जी म्हणाल्या. फडकी मात्र ठेवून घेतली.