शून्य आणि न कळलेलें

गेल्या सहामाहीच्या निकालाचे वेळीं आमच्या हातून एक चूक घडली. ती झांकून ठेवण्यापेक्षां विद्यार्थी व पालक यांचेपुढें मांडावी, म्हणून हे चार शब्द.

गुणांची बेरीज करण्याकरितां आम्हीं पायथन भाषेंत एक लहानशी आज्ञावली लिहिली. वर्गांत ती चालवून ३८ आणि ३४ असे गुण दिले, तों उत्तर आलें ३८३४! मुलें हंसलीं. पण संगणकाचें कांहींच चुकलें नव्हतें. कळफलकावरून आलेला मजकूर त्याच्या लेखीं केवळ अक्षरें. तीं त्यानें एकापुढें एक जोडलीं. त्यांची संख्या करावयाची तर 'इंट' ही आज्ञा द्यावी लागते.

त्यामागील तत्त्व सोपें आहे. संगणकांत प्रत्येक चिन्हास क्रमांक असतो. इंग्रजी पांचाचा ५३, इंग्रजी शून्याचा ४८; वजाबाकी ५. देवनागरी पांचाचा २४११, शून्याचा २४०६. वजाबाकी पुनः ५ च! अंक कळला, कीं आधींच्या संख्येस दहानें गुणून तो मिळवावयाचा. प्रथम ७, मग ७० आणि २, मिळून ७२. आजीच्या वहींतले मराठी आंकडेहि पायथनला चालतात, ते याच कारणानें.

परंतु 'इंट' मोठी काटेकोर आहे. रिकामी जागा किंवा '७२ गुण' असा मजकूर दिला, तर ती चूक दाखवून थांबते. निकालाच्या घाईंत हें थांबणें आम्हांस नकोसें झालें. 'संख्या न झाल्यास शून्य धरावें' अशी पुस्ती आम्हीं जोडली. यादींत एका मुलीच्या नांवापुढें आम्हींच '७२ गुण' असें लिहून ठेविलें होतें. तिच्या प्रगतिपुस्तकांत गणितापुढें शून्य उमटलें आणि त्याखालीं आमची सही! पोर त्या रात्रीं जेवली नाहीं.

दुसरे दिवशीं तिचे वडील आले. लोटे येथील औद्योगिक वसाहतींत ते कामास आहेत. रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "सर, कांट्यावरचें वजन वाचतां आलें नाहीं, तर आम्ही शून्य लिहीत नाहीं. 'वाचलें नाहीं' असें लिहितों. शून्य लिहिलें, तर भरलेलें पिंप कोणी रिकामें समजून उचलायला जाईल."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच दिवशीं ती पुस्ती काढून टाकली, प्रगतिपुस्तक दुरुस्त केलें व भर वर्गांत त्या मुलीची क्षमा मागितली. आतां मजकुराची संख्या होईना, तर आज्ञावली थांबते, नांव दाखविते आणि आम्ही मूळ उत्तरपत्रिका उघडून पाहतों. वेळ थोडा अधिक जातो खरा.

मुलांनो, शून्य हेंहि एक उत्तर आहे. न कळणें हें उत्तर नव्हे. आणि पालकांस विनंति ही, कीं पाल्याच्या नांवापुढें शून्य दिसलें, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं एकदां आम्हांस विचारावें.