दुःखात धावतो, सुखात का नाही?

आपल्या वाडीत कुणाच्या घरी वाईट झाले तर बोलावणे धाडावे लागत नाही. पावसात मातीची भिंत कोसळली, कुणाला जनावर चावले, मुंबईहून कुणाचे प्रेत यायचे आहे असा निरोप आला, की वर्षभर ज्यांच्याशी अबोला तेही पाणंदीतून धावत येतात. मध्यरात्री रिक्षा काढून आजाऱ्याला कट्ट्यावरून ओरोसला नेणारी मुले आपल्यात कमी नाहीत. भाड्याचे पैसे कुणी मागत नाही. ज्या घरात चूल पेटलेली नाही तिथे शेजारीण पेजेचे भांडे ठेवून न बोलता निघून जाते. ही आपल्या समाजाची श्रीमंती आहे आणि ती मी अनेकदा डोळ्यांनी पाहिली आहे.

पण पुढच्या वर्षी त्याच घरात चांगले झाले तर? मुलगा नोकरीला लागला, मातीच्या जागी चिऱ्याचे घर उभे राहिले, मुलीला चांगले स्थळ आले. अशा वेळी पाणंद रिकामी असते. लोक घरातच बसतात आणि बोलतात.

तथागतांनी चार भावना सांगितल्या. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. विहारात आपण त्या तोंडपाठ म्हणतो. दुसऱ्याच्या दुःखाने हृदय हलणे ही करुणा, आणि ती आपल्याला न शिकवता येते, कारण दुःख आपल्या पिढ्यांनी पुरेपूर भोगले आहे. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे ही मुदिता. तिची सवय आपल्याला नाही, आणि त्याची किंमत कोण देतो हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या वाडीतील एक मुलगी. बाप चिरेखाणीवर मजुरीला. तिने नर्सिंगचा कोर्स केला. शिकत असताना सुट्टीला आली की संध्याकाळी विहारात दहा-बारा मुलांना घेऊन बसायची. गणित, इंग्रजी, पाढे. कुणाकडून पैसा घेतला नाही. पुढे तिला नोकरी लागली, तिने जुनी स्कूटर घेतली, आणि मुलांना शिकवणेही चालू ठेवले. इथून बोलणे सुरू झाले. "चेडवाक नोकरी लागली मां, आता तेंचे पाय भुयेक लागूचे नाय." "ओळख लावली आसतली." मग एके रात्री वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिले की काही लोक समाजसेवेच्या नावाखाली स्वतःचे नाव मोठे करून घेतात. नाव कुणाचे लिहिले नव्हते, पण कळायचे ते सगळ्यांना कळले. खाली सात-आठ जणांनी अंगठा दाखवला. मुलीने विहारात येणे बंद केले. भांडली नाही, खुलासा केला नाही. त्या मुलांत लिहिणाऱ्याचा स्वतःचा नातूही होता, आणि तोही आता संध्याकाळी मोबाईल घेऊन ओट्यावर बसू लागला.

असे झाले की आपल्याकडे लगेच बायकांना दोष देतात. नळावर बसून कुचाळक्या करतात म्हणे. कट्ट्याच्या बाजारपेठेत चहाच्या टपरीवर आणि रिक्षा स्टँडवर तासभर उभे राहून पाहावे. पुरुष मंडळी या कामात कुठेही मागे नाहीत. फरक एवढाच की पुरुष त्याला "चर्चा" म्हणतात.

सभेत अशा वेळी हमखास खेकड्यांची गोष्ट सांगितली जाते. कुर्ल्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढली की बाकीच्या तिला खाली ओढतात, आणि आपला समाज असाच आहे. ही गोष्ट मला आवडत नाही. कुर्ली खाडीत असते तेव्हा कुणाला ओढत नाही. तिला पकडून टोपलीत घालणारा माणूस गोष्टीत कुठेच दिसत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरील १९३६ सालच्या पुस्तकात दाखवून दिले, की जाती एकीखाली एक अशा रचलेल्या असल्यामुळे प्रत्येक जात आपल्या जागेला जपते आणि सगळ्यांची एकजूट होत नाही. मत्सर हा अशा रचनेचाच एक पाया आहे. घरकुलाच्या यादीत एकाचे नाव वर गेले तर दुसऱ्याचे खाली जाते हे खोटे नाही. पण यादी एवढी लहान का, हा प्रश्न विचारण्याऐवजी आपण वरच्या नावावर राग काढतो. मी बी.कॉम. झालेला कारकून. हिशेबाच्या वहीत एका खाती जमा तर दुसऱ्या खाती नावे, हा नियम मला पाठ आहे. मत्सरी माणूस सगळे आयुष्य त्याच वहीत लिहितो. शेजाऱ्याच्या खाती जमा झाले, म्हणजे माझ्या खाती नावे पडले! त्या मुलीला नोकरी लागली म्हणून वाडीत कुणाची नोकरी गेली होती?

दीघ निकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. राजगृहाजवळच्या गुहेत शक्र भगवंतांना विचारतो, की सगळेच जण निर्वैर राहू इच्छितात, तरी वैरात का जगतात? भगवंतांनी कारण दिले, इस्सा आणि मच्छरिय. दुसऱ्याला मिळालेले न साहणे ही इस्सा. आपल्याला मिळालेले दुसऱ्याला मिळू नये असे वाटणे हे मच्छरिय. एक खालून वर पाहणाऱ्याचा रोग, दुसरा वरून खाली पाहणाऱ्याचा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख ठाऊक असून जो शेजाऱ्याला सांगत नाही, तोही या दुखण्यातून सुटलेला नाही. नोकरी लागून शहरात गेलेल्या आपल्या बांधवांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

मुदितेचे उदाहरण पाहायचे तर फार लांब जायला नको. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला राजर्षी शाहू महाराज आले. ते ४५ वर्षांचे, गादीवर बसलेले छत्रपती. बाबासाहेब २८ वर्षांचे, त्यांचा 'मूकनायक' निघून दोन महिनेही झाले नव्हते. बहुजनांचे पुढारीपण महाराजांकडे होतेच. तरी त्यांनी भर सभेत लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, आणि हा पुढे साऱ्या देशाचा पुढारी होईल. दुसऱ्याचा मोठेपणा त्याच्या उगवतीलाच ओळखणे, आणि तो आपल्या तोंडाने जाहीर करणे, याला छाती लागते.

आपल्यासारख्यांनी सुरुवात कुठून करावी? येथे सम्यक स्मृती कामाला येते. स्मृती म्हणजे डोळे मिटून तासभर बसणे एवढेच नव्हे. शेजाऱ्याची चांगली बातमी कानावर पडते आणि आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, यांच्या मधल्या क्षणाकडे लक्ष ठेवणे म्हणजे स्मृती. त्या क्षणी छातीत बारीकशी कळ येते, श्वास आखडतो, आणि "पण" हा शब्द जिभेवर येतो. "नोकरी लागली, पण कंत्राटी आहे ना?" हा "पण" येताना दिसला की पुष्कळ काम झाले. दोन श्वास जाऊ द्यावेत. मनात मत्सर आला म्हणून स्वतःला शिव्या घालू नयेत, आला तसा त्याला जाऊ द्यावा. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मुदितेचा क्रमही दिला आहे. आरंभ वैऱ्यापासून करायचा नाही. ज्याच्या आनंदाने सहज हसू येते अशा जिवलगापासून करायचा, मग तटस्थ माणूस, आणि ज्याचे नाव निघताच कपाळाला आठी पडते तो शेवटी. हा क्रम शहाणपणाचा आहे. पहिल्याच दिवशी भाऊबंदकीच्या दाव्यातल्या चुलत्यासाठी मुदिता करायला बसलात तर जेवणही जाणार नाही.

आता कुणी म्हणेल, मग टीका करायचीच नाही का? पैसे खाणाऱ्याला काही विचारायचेच नाही? जरूर विचारावे. आपली सगळी चळवळ प्रश्न विचारण्यावर उभी आहे. विहाराच्या बांधकामाचा हिशेब माझ्याकडे होता तेव्हा मी सिमेंटच्या गोण्या घरी नेल्या असे एकाने गावभर सांगितले. त्याला मी घरी बोलावून पावत्यांची फाईल पुढे ठेवली, तर तो म्हणाला, "माका बघूची नाय." त्याला हिशेब नको होता. विनयपिटकात दोष दाखवणाऱ्यासाठी पाच कसोट्या आहेत. वेळ योग्य असावी, गोष्ट खरी असावी, शब्द सौम्य असावेत, त्यात समोरच्याचे हित असावे आणि मनात मैत्री असावी. ग्रुपवरचा तो मजकूर यांतल्या एकाही कसोटीला उतरत नाही. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि लवकरच त्यात "दुरुस्त" आणि "नादुरुस्त" असे गट पडले. मतभेद खरे होते, ते असायला हरकत नाही. पण आपल्याच माणसाला नादुरुस्त म्हणायची जी गोडी तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही.

वर्षावासात आमच्याकडे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. गेल्या आश्विन पौर्णिमेला मी शाखेचा चिटणीस या नात्याने पवारणेची हकीकत सांगितली. कोसल देशात काही भिक्षूंनी भांडण नको म्हणून तीन महिने एकमेकांशी न बोलता काढले आणि आपण किती सुखाने राहिलो हे भगवंतांना कौतुकाने सांगितले. भगवंतांनी त्यांना दोष दिला, हे तर जनावरांसारखे राहणे झाले म्हणाले, आणि पवारणा घालून दिली. वर्षावास संपताना प्रत्येकाने हात जोडून संघाला विनवायचे, की माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले वा वाटले असेल तर करुणा करून मला सांगा. सुरुवात सर्वांत ज्येष्ठाने करायची. म्हणजे टीका ऐकायची ती आधी मोठ्यांनी!

सभा गप्प होती. मग वाडीतली सर्वांत वयस्क आजी खांबाला धरून उठली. म्हणाली, "माझा काय चुकला आसात तर तोंडार सांगा, पाठीमागसून नको." कुणी काही बोलले नाही. मग एक सून उठली आणि पाण्याच्या बारीवरून झालेले एक जुने बोलणे तिने आजीला तिथेच सांगितले. आजीने ऐकून घेतले. त्या रात्री आणखी तिघे उठले, बाकीचे बसून राहिले. ग्रुपवर लिहिणारे गृहस्थ मध्येच बिडी ओढायला बाहेर गेले ते परत आले नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी नातवाला गणिताची वही देऊन त्या मुलीच्या घरी पाठवले. स्वतः आले नाहीत. ती रात्रपाळी करून झोपली होती. तिच्या आईने पोराला ओट्यावर बसवले, चहा-बटर दिला आणि म्हणाली, "उठात ती, बस थोडो."