थंडीत पिकअप दम सोडते तेव्हा

निफाडकडं पारा पाच-सहावर आला आणि कांदा भरलेली आमची जुनी पिकअप सकाळी चढाला मधेच दम सोडायची, परत धरायची. मिस्त्री म्हणाला, पंप उतरवा. खर्च मोठा! पण झिजलेला पंप इंजिन तापल्यावर जास्त रडतो. ही तर उन्हं चढली की ठणठणीत. फिल्टरही स्वच्छ. मग फिल्टरच्या पुढं वीतभर पारदर्शक नळी लावली, तर आत बुडबुडे. टाकीकडची रबरी नळी जुनी झालेली. थंडीत कडक होऊन क्लिपपाशी हवा ओढायची, ऊब मिळाली की बसायची. ओढीची बाजू, म्हणून चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही. नळी, दोन क्लिपा बदलल्या, एअर काढली. पंप जागेवरच आहे. कॉमन रेलच्या गाडीत मात्र प्रेशरच्या नळ्यांना हात लावू नका.