उत्तर नको असलेले प्रश्न

आमच्या रत्नागिरीत निम्मे बोलणे प्रश्नांतच चालते आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना उत्तर नको असते. मिरकरवाड्यावर सुरमईचा भाव पाडून मागितला, की विकणारी बाई म्हणते, ‘फुकटच नेतोस काय?’ कोणी ‘हो’ म्हणून पाहावे! पोराने जेवून ताट तसेच टाकले, की आई विचारते, ‘मी काय नोकर आहे तुझी?’ पाहुणा उठू लागला, की ‘जेवल्याशिवाय कसे जाल?’ म्हणजे बसा. ‘कोण ऐकतो?’ म्हणजे कोणीच ऐकत नाही आणि ‘पैसा कोणाला नको?’ म्हणजे सर्वांना हवा. हे उलटे व्याकरण पोरालाही कळते.

सूरह रहमानच्या 78 आयतींत एकच प्रश्न 31 वेळा येतो. तिरमिजीत रिवायत आहे, की पैगंबरांनी (स.) ही सूरह सहाबांना ऐकवली, तेव्हा ते गप्प राहिले. त्यावर पैगंबर म्हणाले, जिन्नांनी याहून चांगले उत्तर दिले. दर वेळी ते म्हणत, आम्ही तुझी एकही नेमत नाकारत नाही. म्हणजे ज्याचे उत्तर ठरलेलेच आहे, त्या प्रश्नालाही उत्तर देणे अदबीचे.

बाहेरगावी मात्र एका प्रश्नापुढे आम्ही वर्षानुवर्षे गप्प बसलो. ‘तुम्ही मुसलमान असून मराठी इतके छान कसे बोलता?’ विचारणारा हसतमुख असतो, त्याला वाटते आपण कौतुक केले. प्रश्नचिन्ह काढा, खाली विधान उरते: ही भाषा तुमची नव्हे. आमच्या आज्यांच्या कानावर उर्दू पडे ती मौलवींच्या तोंडून. भांडण, लाड, रडणे सगळे कोकणी बोलीत. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी ‘इंधन’ मराठीत लिहिली, त्यांच्या मतांशी भांडणारेही मराठीतच भांडले. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रश्न जागचा हलला नाही.

आमच्यातले काही जण ‘थँक्यू’ म्हणून सुटतात. त्याची चीड आम्हाला प्रश्नापेक्षा जास्त येते. हल्ली आम्ही आवाज न चढवता विचारतो, ‘तुम्ही कसे काय बोलता?’

‘आम्ही? आम्ही घरीच शिकलो की!’

‘आम्हीही घरीच.’

काही जण हसतात. काही विषय बदलतात.